सकाळी सातचा प्रयोग

ओडेट थिबोडोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर अकरा कोट होते, आणि त्यातला एक माझा होता.

१९७० चा जानेवारी. सेकंड अव्हेन्यूवरच्या एका चर्चने आपलं तळघर नाटकवाल्यांना वापरायला दिलं होतं. आम्ही अकरा प्रेक्षक. दारात एका उंच, हाडकुळ्या बाईने आमचे कोट काढून घेतले. कोट सांभाळायला ठेवलेली कुणी असेल, असं आम्हाला वाटलं. सगळे बसल्यावर तीच बाई समोर आली आणि एकेक कोट अंगावर चढवू लागली. कोट चढला की ती त्या कोटाची मालक व्हायची. दारात आम्ही कोट उतरवले तेवढा वेळ तिने आम्हाला पाहिलं होतं. तिला तो पुरला होता. एका कोटात ती पाकीट जागेवर आहे का ते सारखं चाचपणारे गृहस्थ झाली. दुसऱ्यात, नवऱ्याकडे न बघताच कोट त्याच्या अंगावर टाकणारी बाई. ते जोडपं तिथल्या तिथे कुजबुजत भांडायला लागलं. एक जण चिडून उठला आणि आपला कोट मागू लागला, पण त्याचा कोट चौथा होता आणि त्यावर पाच चढले होते, त्यामुळे त्याला शेवटपर्यंत थांबावं लागलं.

माझा दहावा. तो चढवल्यावर ती डाव्या पायावर भार देऊन उभी राहिली, वर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. मी अशी उभी राहते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर मी कोट घ्यायला गेले.

“तू घड्याळावर काम करतेस,” ती म्हणाली.

“नाटकांचे दिवे सांभाळते.”

“मग मला तू लागशील.”

“तुझ्याकडे दिवे आहेत?”

“नाहीत.”

माझं नाव स्टेफा. सातव्या रस्त्यावर, युक्रेनी वस्तीत वाढले. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांना दिवे दिले आणि त्यातली बरीचशी विसरून गेले. ओडेटसाठी मी एकही दिवा लावला नाही, आणि तिचं सगळं लक्षात आहे.

ती मेन राज्यातल्या लुइस्टनची. तिथे कॅनडातून आलेल्या फ्रेंच लोकांची मोठी वस्ती आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या बुटांच्या आणि कापडाच्या कारखान्यांत काम करत आले. ओडेट तेविसाव्या वर्षी न्यूयॉर्कला आली आणि एका नाटक मंडळीत शिरली. त्या काळी अशा मंडळ्या खूप होत्या. त्यात सगळे जमिनीवर लोळायचे आणि ओरडायचे. ओडेट विचारायची, “का लोळायचं?” दिग्दर्शक म्हणायचा, “आतून येईल तसं लोळ.” ती म्हणायची, “आतून तर बसून राहावंसं वाटतंय.” तिसऱ्या महिन्यात तिला काढून टाकलं.

त्यानंतर ती एकटीच प्रयोग करू लागली. चौदाव्या रस्त्याच्या बसथांब्यावर ती चाळीस मिनिटं बसमध्ये चढण्याच्या बेतात उभी राहिली. प्रत्येक बस थांबायची, दार उघडायचं, ही एक पाय उचलायची, आणि बस निघून जायची. सातव्या बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून पोलिसाला बोलावलं. पोलिसाने विचारलं, “बाई, तुम्हाला जायचंय कुठे?” ती म्हणाली, “तेच तर ठरत नाहीये.” जमलेली माणसं हसली, पोलीसही हसला, आणि प्रयोग तिथे संपला. ती बाप्याचे, दोन मापं मोठे बूट घालायची. खिशात उकडलेले बटाटे ठेवायची आणि भूक लागली की कुठेही, अगदी कुणाच्या अंत्यविधीलासुद्धा, काढून खायची. कुणी तिला कलावंत म्हटलं तर मागे वळून बघायची, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

१९७३ च्या मार्चमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मला पपांची शिफ्ट करायची आहे.”

“म्हणजे?”

“माझे वडील एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात होते. सकाळी सात ते साडेतीन. मी ती शिफ्ट करणार. पूर्ण. हातात काही नाही, समोर मशीन नाही.”

“साडेआठ तास?”

“मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी आहे,” ती जरा दुखावून म्हणाली.

“आणि संध्याकाळी का नाही? सकाळी सातला कोण येणार? आपल्याकडची माणसं दुपारी उठतात.”

“कारखाना त्यांच्यासाठी थांबला होता का?”

वडील आहेत का, असं मी विचारलं, तेव्हा तिने “नाहीत” एवढंच सांगितलं. आईबद्दल विचारलं तर म्हणाली, ती मी नऊ वर्षांची असताना गेली, मला काही आठवत नाही.

ग्रँड स्ट्रीटवर बटणांच्या एका गोदामाच्या वर तिची मोठी, रिकामी खोली होती. रस्त्याच्या बाजूला खिडक्या, म्हणून सकाळी उजेड भरपूर. एक टेबल, एक खुर्ची, समोर वीस घडीच्या खुर्च्या. माझ्याकडे भोंग्याचं काम होतं. भोंगा म्हणजे पोलिसांकडची असते तशी एक शिटी: सातला, बाराला, साडेबाराला आणि साडेतीनला. दर रविवारी.

पहिल्या रविवारी सातच्या शिटीला प्रेक्षक शून्य. ओडेटने टेबलाशी बसून काम सुरू केलं. डावीकडच्या ढिगातून न दिसणारे दोन तुकडे उचलायचे, कडेला कड जुळवायची, बोटांनी पुढे सरकवायचे, वळणावर मनगट फिरवायचं, उचलायचं, तोडायचं, उजवीकडे टाकायचं. पुन्हा डावीकडे. पंधरा मिनिटांत मला तो ढीग दिसायला लागला. तासाभराने तो कमी होत नाही म्हणून मलाच दमायला झालं.

हळूहळू माणसं येऊ लागली, पण नाटकाची नव्हेत. रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या दोन नर्स. कोपऱ्यावरच्या बेकरीतले दोन भाऊ, अंगाला पीठ लागलेले. ते दहा मिनिटं बघायचे आणि खुर्चीतच झोपायचे. एक टॅक्सीवाला. मी कोपऱ्यात कॉफी ठेवायची. ही माणसं बघता बघता मोकळेपणाने बोलायची, आणि ओडेटला त्याचं काही वाटायचं नाही.

“हिचा मुकादम खडूस असणार,” एक नर्स म्हणायची. “बघ, मान वर करत नाही.”

“मान वर केली तर बोट जाईल,” टॅक्सीवाला म्हणायचा.

शेजारच्या इमारतीत कपडे शिवणाऱ्या चिनी बायकांचा कारखाना होता. तो रविवारीही चालायचा. तिथल्या मिसेस मॉय जेवणाच्या सुट्टीत आपला भाताचा डबा घेऊन वर यायच्या. त्या फार थोडं बोलायच्या. एकदा ओडेटचे हात बराच वेळ बघून मला म्हणाल्या, “चांगलं शिवते.”

मी ते ओडेटला सांगितलं. ती म्हणाली, “पपा शिवत नव्हते. पपा बूट करायचे.” मीही पुढे काही विचारलं नाही. बूट कसा करतात ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

साडेतीनच्या शिटीला ती उठायची, कोट घालायची आणि प्रेक्षकांमधून चालत दाराबाहेर जायची. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं तिने दारावरच लिहून ठेवलं होतं. ती खाली जाऊन चौकाला एक फेरी मारायची आणि सगळे गेले असतील अशा बेताने परत यायची. मी खुर्च्या आवरलेल्या असायच्या.

एप्रिलअखेर लायनेल प्रेस्कॉट नावाचा समीक्षक आला. रात्रभराची मेजवानी आटोपून, काळ्या सूटमध्येच, सकाळी सातच्या ठोक्याला. तो साडेसातला झोपला आणि अकराला उठला. उठला तेव्हा ओडेट तेच करत होती. त्याने नंतर लिहिलं की इतक्या वर्षांत त्याला इतका जोराचा धक्का कोणत्याही नाटकाने दिला नव्हता: आपण झोपलो होतो आणि कुणीतरी सबंध वेळ काम करत होतं. लेखाचं शीर्षक होतं ‘मृत बापाचे हात’.

त्यानंतर दोन रविवार जिन्यावर रांग लागली. एका मोठ्या थिएटरच्या व्यवस्थापकांनी ओडेटला बोलावून घेतलं. संध्याकाळी करा, दोन तासांचं करा, म्हणाले.

“कुठले दोन तास?” तिने विचारलं.

“त्यातले सगळ्यात चांगले.”

“तसे त्यात नाहीत,” ती म्हणाली आणि परत आली.

मेच्या तिसऱ्या रविवारी दहाच्या सुमाराला एक म्हातारा जिना चढून आला. बुटका, रुंद खांद्यांचा, डोक्यावर हॅट, हातात दोरीने बांधलेली पेटी. त्याने हॅट काढली आणि तिसऱ्या रांगेत बसला. मी कॉफी दिली, ती घेतली. तो फार लक्ष देऊन बघत होता. नाटक बघणारी माणसं चेहऱ्याकडे बघतात. हा फक्त तिच्या हातांकडे बघत होता.

बाराची शिटी झाली. ओडेटने नसलेला डबा उघडला, मान वर केली आणि तिला तो दिसला. मी तिला तीन वर्षं ओळखत होते. तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. पण ती उठली नाही. अर्धा तास नसलेला पाव चावत बसली. साडेबाराला मी शिटी मारली आणि तिने पुन्हा तुकडे उचलायला सुरुवात केली. पुढचे तीन तास तिने एकदाही वर बघितलं नाही. म्हाताराही जागचा हलला नाही.

साडेतीनला ती उठली, कोट घातला आणि नेहमीसारखी चालत निघाली. तिसऱ्या रांगेपाशी पाय थांबले.

“पपा.”

“मी मेलो म्हणे,” म्हातारा म्हणाला. “आपल्या चर्चच्या फादरच्या भाचीने पेपर वाचून दाखवला. ती रडत होती.”

“नाटकाला ते बरं पडतं, पपा.”

“मला नाही बरं पडलं. दोन बायका घरी जेवण घेऊन आल्या.”

बेकरीवाले भाऊ उठून बसले होते. कुणीही जायचं नाव घेईना.

“आणि दुसरं म्हणजे,” म्हातारा म्हणाला, “हा मी नाही.”

“म्हणजे?”

“मी कधी बसलो? तिसऱ्या मजल्यावर कुणी बसायचं नाही. मी एकतीस वर्षं उभा होतो. लाकडी पायाचा साचा असतो, त्याच्यावर चामडं ताणायचं, खिळे ठोकायचे. खिळे तोंडात असायचे. हे तू करतेस ते दुसऱ्या मजल्यावरचं. वरच्या चामड्याची शिलाई.” त्याने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. “ही तुझी आई आहे. तो डावा खांदा असाच उचलायची ती. आल्मा आहे ही.”

ओडेट खाली बसली, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर. नर्सने तिला पाणी दिलं.

ते कसं झालं असेल ते आम्ही नंतर जुळवलं. सात-आठ वर्षांची ओडेट दुपारी आईवडिलांचे डबे घेऊन कारखान्यात जायची. आधी दुसरा मजला. तिथे आईच्या खुर्चीमागे उभी राहून भोंग्याची वाट बघायची. मग आईबरोबर वर जायची, तोवर वडील हात धुऊन जेवायला बसलेले असायचे. तिने त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. आई गेल्यावर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही, वडिलांनी तर नाहीच. जे हात आठवले ते तिने, जो माणूस उरला होता, त्याच्या नावावर लावून टाकले.

ओनेझिम थिबोडो दोन दिवसांसाठी आला होता, तो दहा महिने राहिला. वय अडुसष्ट. लुइस्टनमध्ये घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पहिला आठवडा बापलेक एकमेकांशी फारसं बोललेच नाहीत. मग एक दिवस ओडेट म्हणाली, “पपा, तुमचं दाखवा.”

“काय दाखवू?”

“तिसरा मजला.”

त्याने टेबलाशी उभं राहून दाखवलं. डाव्या हाताने साचा पोटाशी दाबायचा, उजव्या हातातल्या पकडीने चामडं ओढायचं, ओठांतून जिभेने खिळा पुढे आणायचा, तो बोटात धरायचा, दोन ठोके. हे सगळं रिकाम्या हातांनी, पण त्याच्या मानेच्या शिरा खरोखर तट्ट फुगत होत्या. पाच मिनिटांत तो घामाघूम झाला.

“झालं?” त्याने विचारलं.

“साडेतीनला होईल,” ओडेट म्हणाली.

नव्या प्रयोगाचं नाव ‘दोन मजले’. ऑक्टोबरात सुरू झाला. एका टेबलाशी ओडेट बसून, आता उघडपणे आई म्हणून. दुसऱ्याशी ओनेझिम उभा, स्वतः म्हणून. त्याला एवढा वेळ झेपणार नाही असं मला वाटलं होतं. पण दुपारी दोनला ओडेटचे खांदे उतरायचे, त्याचे नाही.

“मला एक सांग, पोरी,” तो पहिल्या रविवारी मला म्हणाला. “ही माणसं आपणहून येतात?”

“हो.”

“आणि कामावरून सुटून येतात? दुसऱ्याचं काम बघायला?”

“हो.”

त्याने मान हलवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

पहिले दोन महिने प्रयोग फार सुंदर झाला. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत, कारण दोघं वेगळ्या मजल्यांवर होते. फक्त बाराला ती उठून त्याच्या टेबलाशी जायची आणि दोघं शेजारी बसून जेवायचे. त्या अर्ध्या तासात नेमकं काय घडायचं ते सांगता येणार नाही; ती बसण्याआधी तो आपल्या बाजूची जागा हाताने पुसायचा, एवढंच. मिसेस मॉय आपला भाताचा डबा तेव्हा न उघडता मांडीवर ठेवायच्या.

पण मग ओनेझिमला प्रेक्षकांची चटक लागली. आधी तो खिळा तोंडातून पडल्यावर फ्रेंचमध्ये पुटपुटला आणि नर्स हसल्या. पुढच्या रविवारी तीन खिळे पडले. मग तो मुकादमाची नक्कल करू लागला. नाताळापर्यंत पहिल्या रांगेतल्या बायकांना डोळा मारण्यापर्यंत मजल गेली. लोक त्याच्यावर खूश होते. ओडेटच्या टेबलाकडे कुणी बघेनासं झालं.

“पपा, तुम्ही कारखान्यात कधी डोळा मारला होता?” एकदा खुर्च्या आवरताना तिने विचारलं.

“कारखान्यात बघत कोण होतं?”

“शिफ्ट म्हणजे शिफ्ट. जसं होतं तसं.”

“जसं होतं तसं मी एकतीस वर्षं केलं. आता जसं असायला हवं होतं तसं करतो.”

फेब्रुवारीत लायनेल प्रेस्कॉट पुन्हा आला, या वेळी झोप काढून आला होता. त्याने लिहिलं की या मोसमातला सगळ्यात मोठा शोध म्हणजे अडुसष्ट वर्षांचा हा बूटकामगार. शेजारी त्याची मुलगीही काम करते. ओडेटने ते वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. “‘शेजारी त्याची मुलगीही’,” ती म्हणाली. पेपरची घडी केली, खिशातला बटाटा काढला, पण खाल्ला नाही.

पुढच्या रविवारी बाराच्या शिटीला ती उठून त्याच्या टेबलाशी गेली नाही. स्वतःच्याच जागेवर डबा उघडून बसली. ओनेझिमने शेजारची जागा पुसली आणि वाट बघत राहिला. अर्धा तास. त्या दुपारी त्याने एकही विनोद केला नाही. संध्याकाळी त्याने पेटीला दोरी बांधली.

“शनिवारी घरी घेवड्याची उसळ असायची,” तो मला म्हणाला. “भट्टीत रात्रभर ठेवलेली. इथे कुणाला करता येत नाही.”

“ओडेटला सांगितलंत?”

“काय सांगू? ती आईवर गेली आहे. तिला समजतं सगळं, पण वेळ लागतो.”

बसपर्यंत मी पोचवायला गेले. ओडेट आली नाही. तिने नंतर मला विचारलं की त्यांना खिडकीशी जागा मिळाली का. मी हो म्हटलं.

पुढच्या आठ वर्षांत त्यांच्यात नाताळला आणि ईस्टरला फोन व्हायचा. ओडेटने इतर प्रयोग केले. एकात ती तीन आठवडे एका रिकाम्या दुकानाच्या काचेमागे बसून गिऱ्हाइकाची वाट बघत होती. काही चांगले होते, काही मला कळले नाहीत. ‘दोन मजले’ तिने पुन्हा केला नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात फादरचा फोन आला की ओनेझिम झोपेत गेला.

आम्ही दोघी बसने लुइस्टनला गेलो. प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात जेवण होतं. शे-सव्वाशे माणसं, बहुतेक म्हातारी, आणि सगळी ओडेटकडे ओळखीने बघणारी. एक जाडजूड आजोबा येऊन म्हणाले, “आता दुसऱ्या गुरुवारचं काय करायचं?”

“कुठला दुसरा गुरुवार?” ओडेटने विचारलं.

तेव्हा कळलं. गेली सात वर्षं महिन्याच्या दर दुसऱ्या गुरुवारी ओनेझिम याच सभागृहात तिसरा मजला करत होता. पूर्ण शिफ्ट नव्हे, जेवणानंतर दोन तास. कारखाना तोवर बंद पडला होता. जुने कामगार जमायचे, त्याच्या चुका काढायचे, मग एकेक जण उठून आपापलं काम करून दाखवायचा. शेवटी शेवटी सोळा जण एका वेळी काम करायचे: कापणारे, तळवे लावणारे, पॉलिशवाले. मुकादमसुद्धा यायचा आणि शिव्या खायचा.

“म्हणजे माझा प्रयोग चोरला,” ओडेट म्हणाली.

“तो सांगायचा की मुलीचा आहे,” आजोबा म्हणाले. “‘ओडेट काय म्हणेल’ असं दर वेळी म्हणायचा. कुणी चेष्टा केली की रागवायचा. म्हणायचा, शिफ्ट म्हणजे शिफ्ट.”

मग त्या माणसांनीच आग्रह धरला की तिने आईचं काम करून दाखवावं. भांडी बाजूला सारून एक टेबल रिकामं केलं. ती काळ्या कपड्यांतच बसली आणि सुरू झाली. वीसेक मिनिटांनी मागच्या बाजूने रोझ-एमे नावाची एक वृद्ध बाई काठी टेकत पुढे आली. ती आल्माच्या शेजारच्या मशीनवर होती.

“खांदा बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण तू फार भराभर करतेस, बाळ.”

“आई भराभर करत नव्हती?”

“आल्मा? छे! सगळ्या मजल्यात तिच्याइतकं संथ कुणी नव्हतं. काम सुरेख, पण मुंगीच्या पावलाने. मुकादम रोज ओरडायचा. आम्ही दोघी-तिघी आमचे शिवून झालेले जोड गुपचूप तिच्या ढिगात सारायचो, म्हणून ती टिकली.”

“तुम्ही का सारायचा?”

रोझ-एमेला प्रश्नच कळला नाही. “ती आमच्या मजल्यावर होती,” ती म्हणाली.

ओडेटने पुन्हा हात उचलले आणि सावकाश सुरुवात केली. रोझ-एमे “अजून सावकाश, अजून,” म्हणत राहिली. शेवटी एक टाका घालायला इतका वेळ लागू लागला की सभागृहातल्या लोकांनी कॉफी घ्यायला सुरुवात केली. ओडेट रडत होती, पण हात थांबले नाहीत. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

न्यूयॉर्कला परत आल्यावर तिने ग्रँड स्ट्रीटच्या खोलीत आईची शिफ्ट त्या गतीने केली. दोन वर्षं, रविवारी सकाळी सातला. बेकरीवाले भाऊ आता फ्लोरिडाला गेले होते, नर्स निवृत्त झाल्या होत्या. बहुतेक रविवारी मी आणि मिसेस मॉय. शेवटच्या वर्षी मिसेस मॉयही नव्हत्या. ओडेटला त्याची खंत नव्हती. मग इमारत विकली गेली, खोली सुटली, आणि तो प्रयोग आपोआप संपला.

ती बेचाळीस वर्षांची झाली होती. तेव्हा तिला एका रुग्णालयात काम मिळालं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना सराव म्हणून खोटे रोगी लागतात. कागदावर रोग लिहिलेला असतो, आपण तो रोगी व्हायचं, विद्यार्थ्याने तपासायचं, आणि नंतर आपण त्याला गुण द्यायचे. ओडेट पहिल्याच दिवशी कागद घेऊन विभागप्रमुखांकडे गेली.

“ही बाई कामाला कुठे जाते?” तिने विचारलं.

“तिला पोटात अल्सर आहे.”

“ते वाचलं. जाते कुठे?”

ते कुणी लिहिलं नव्हतं. तेव्हापासून ते ओडेट ठरवू लागली. तिच्या रोगी बाया बसच्या ड्रायव्हर असायच्या, शाळेतल्या स्वयंपाकीण असायच्या, आणि कुणीही सरळ सांगायची नाही की कुठे दुखतंय. पंचवीस मिनिटांत विद्यार्थ्यांना त्यांच्या तोंडून काढून घ्यावं लागायचं. काही पोरं रडकुंडीला यायची. तक्रारी गेल्या. प्रमुखांनी तिला ठेवलं, कारण तिच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे रोग्याचं ऐकून घेतात असं त्यांच्या लक्षात आलं होतं. एवढा नियमित पगार आणि एवढा भरलेला प्रेक्षकवर्ग तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. प्रेक्षक एका वेळी एकच, पण तो उठून जाऊ शकत नव्हता.

१९९१ मध्ये वेल्डन नावाचा विद्यार्थी तिच्यासमोर आला. कागदावर पित्ताशयातले खडे. त्याने रीतीप्रमाणे छातीला नळी लावली आणि लावूनच ठेवली.

“पोटात दुखतंय, डॉक्टर,” ओडेट रोगी म्हणून म्हणाली.

“जरा गप्प राहा,” तो म्हणाला.

ती थांबली. तो ऐकतच राहिला. शेवटी ती भूमिका सोडून कुजबुजली, “छातीत काही नाही रे. पोटाकडे ये, वेळ संपेल.” तिने भूमिका सोडल्याचं मी दुसऱ्यांदा कधी ऐकलं नाही.

“बाई, हे कागदावर नाहीये,” वेल्डन म्हणाला, “पण तुमच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही.”

“कागदावर नाही ना? मग नाही.”

पण होतं. पंधरा दिवसांनी शस्त्रक्रिया करून झडप बदलली. त्या झडपेवर ती पुढे तेरा वर्षं जगली, त्यातली दहा वर्षं खोटी रोगी म्हणून कामाला गेली.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती उशीला टेकून वेल्डनची गुणपत्रिका भरत होती. ती भरायची राहिली होती म्हणे. निदान: पैकीच्या पैकी. ‘रोग्याशी आदराने बोलला का’ या रकान्यात तिने शून्य घातलं होतं.

“ओडेट, त्या मुलाने तुझा जीव वाचवला,” मी म्हटलं.

“ते वरच्या रकान्यात लिहिलंय. पण मला गप्प राहा म्हणाला. आणि आत आला तेव्हा नावसुद्धा सांगितलं नाही.”

तेवढ्यात वेल्डन स्वतःच आला. हातात फुलं, चेहरा लाल. त्याने गुणपत्रिका वाचली. दोनदा वाचली.

“हे बरोबर आहे,” तो म्हणाला. “मी घाबरलो होतो.”

“मग बाहेर जा,” ओडेट म्हणाली, “दार लाव, आणि पहिल्यापासून कर.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी फुलं त्याच्या हातातून घेतली. तो बाहेर गेला, दार लागलं, आणि थोड्या वेळाने टकटक झाली.